सगुणेचं बाळंतपण आणि माझी फरशी

माझ्या सासूबाईंना मरायला भुई पाहिजे होती, आणि आमच्या घरात मी ती कुठं शिल्लक ठेवली नव्हती.

(हसू नका. घरातलं माणूस गेल्याची गोष्ट आहे. मीसुद्धा तेव्हा हसले नव्हते, आणि जिथं हसले तिथं हसायला नको होतं.)

माझं माहेर बेल्लमपल्लीचं, तेलुगू मुलखातलं. वडील कोळशाच्या खाणीत, राहायला खाणीचं क्वार्टर. दोनच खोल्या, पण खाली सिमिट! फडकं मारलं की काम झालं. लग्न होऊन मुधोळजवळच्या या गावात आले, तर घरभर मातीची भुई. दर आठवड्याला बादलीत शेण कालवायचं आणि माजघरापासून ओट्यापर्यंत ओणवं होऊन सारवत यायचं. सारवून कंबर सरळ करते न करते तोच मामाजी, म्हणजे माझे सासरे, वावरातून चिखलाचे पाय घेऊन आत! बाकी सासरी नावं ठेवायला काही जागाच नव्हती. माणसं देवासारखी. म्हणून सगळी नावं मी भुईला ठेवली.

काही वर्षं अशी कुरकुर केल्यावर एका उन्हाळ्यात आमच्या ह्यांनी हात टेकले. लॉरीभर तांदूरची निळी फरशी आली. माजघर, सैपाकघर, न्हाणी, ओटा, देवाची खोली, कुठं कुठं म्हणून सोडली नाही. गवंड्यानं गमतीत विचारलं, "बाई, गोठ्यात बी टाकू का?" मी खरंच विचारात पडले होते!

सासूबाई दाराच्या चौकटीला टेकून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "फरशी चांगली हाये व सुमन. पण माही सगुणा आता आंडे कोठी घालन?"

"घालन गोधडीवर!" मी म्हणाले आणि हसले. हेच ते नको तिथलं हसणं.

सगुणा म्हणजे आमचं कासव. रानातलं, पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं. सासूबाईंना मुलगा एकच, लेक नाही. एका साली ज्वारीच्या धसकटात हे कासव सापडलं, ते त्यांनी ओटीत घालून घरी आणलं आणि सांगून टाकलं, "हे माही लेक." पुढं मामाजींनी नाल्याकाठून एक नर आणला. तो दिवसभर खायचा, झोपायचा आणि मधूनच पायात येऊन एखाद्याला पाडायचा, म्हणून त्याचं नाव जावई. घरात खरा जावई कोणी नव्हता, त्यामुळे रुसायलाही कोणी नव्हतं. (कासव पाळायला सरकारची मनाई आहे, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. जंगल खात्याला आम्ही ओळखत होतो ते फक्त लाकडापुरतं.)

दरवर्षी दसरा झाला की सगुणा माजघरात रांजणामागच्या ओलसर भुईत मागच्या पायांनी खड्डा करायची, अंडी घालायची, वरून माती लोटायची आणि पोटानं दाबून सपाट करायची. अंगणात एकदा घातली होती, ती मुंगसानं उकरून खाल्ली. तेव्हापासून सासूबाईंचा कायदा होता, "लेकीचं बाळंतपण मायेरी, न् तेबी घरात." अंडी घातली की त्या शेजारीपाजारी गूळ-खोबरं वाटायच्या. लोक हसून घ्यायचे आणि खायचे. गूळ काही कासवाचा नव्हता.

फरशी झाली आणि त्याच पावसाळ्यात सासूबाईंच्या पोटात दुखायला लागलं. पोळ्याला त्यांनी बैलांना घास दिला तो बसूनच. निर्मल शहरातल्या डॉक्टरनं फोटो काढला, उजेडाला धरून पाहिला आणि आमच्याकडं न बघता म्हणाला, "घरी न्या. जे मागतील ते खायला द्या." परतताना बसमध्ये सासूबाईंनी वाटाणे मागितले. ह्यांनी ते हातावर ठेवले आणि तोंड खिडकीकडं फिरवलं. वाटाणे तसेच ओंजळीत घेऊन आम्ही घरी आलो.

त्यांची बाज माजघरात टाकली. आणि दसरा उलटला तसा आवाज सुरू झाला. खर्र... खर्र... सगुणा रांजणामागं जाऊन फरशी उकरायची. तिथं जमेना, की चौकटीजवळ. तिथून बाजेखाली. मागच्या पायांची नखं झिजली, निळ्या फरशीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसायला लागले. मी ते पुसायची. (पुसायला फरशी सोपी, हे तेव्हाही माझ्या मनात आलं. माणसाचं मन म्हणजे काय सांगावं!)

एका दुपारी सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. हाताची नुसती काडी झाली होती, पण मनगट धरलं ते घट्ट.

"सुमन, लेकीचे दिवस भरले. मी तं चालली. तिचं बाळंतपण तुह्यावर."

"काऊन असं बोलता आत्याबाई? तुम्हीच कराल."

"लबाड बोलू नको. मेली तं तुह्याच फरशीपायी मरन ते. शब्द दे."

मी शब्द दिला. आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात एका बाजूला मरण आणि एका बाजूला बाळंतपण, अशा दोन्ही तयाऱ्या सुरू झाल्या.

दोन्हींची देखरेख गोदूआत्याकडं. गोदूआत्या म्हणजे मामाजींची धाकटी बहीण, चार घरं सोडून राहायची. गावात कोणी जन्मो की मरो, गोदूआत्या उशाशी बसल्याशिवाय ते पूर्ण झालं असं कोणी मानत नसे. तिनं माजघराचा कोपरा लुगडं बांधून अंधारा केला. खाली मऊ चिंध्या. बाजूला शेगडीत विस्तव, त्यावर ओवा न् शेपाची धुरी. सगुणेला आत ठेवलं. मागोमाग जावई जाऊ लागला, तर गोदूआत्यानं त्याला उचलून ओट्यावर नेऊन ठेवलं. "बाळंतिणीच्या खोलीत जावयाचं काय काम? निंग!"

धुरीनं सगुणेनं मुंडकं आत घेतलं ते घेतलंच. आम्ही सगळे खोकून खोकून बेजार. शेवटी बाजेवरून क्षीण आवाज आला.

"अव गोदे, ते बाळंत व्हाची हाये, झाली नाई अजून! शेक मंग दे. आदी मलेच मारता काय धुरानं?"

शेगडी उचलली. मग मामाजींनी डोकं चालवलं. ते मुळात बोलणारे नव्हेत, आणि बायकोनं अंथरूण धरल्यापासून तर बोलणंच सोडलं होतं. सकाळीच उठून गेले आणि वावरातली सगळ्यात कसदार काळी माती पोत्यात भरून घेऊन आले. आमच्याकडच्या माणसाला काळ्या मातीच्या पुढं सुचत नाही. कापूस तिच्यात, ज्वारी तिच्यात, मग कासव तेवढं बाहेर का? आता ती ठेवायची कशात? सगळ्यांनी माझ्या लग्नातल्या पत्र्याच्या पेटीकडं पाहिलं. मी पण पाहिलं. शब्द दिला होता ना! साड्या काढून दोरीवर टाकल्या, पेटीत माती भरली, वरून घागरभर पाणी ओतलं आणि सगुणेला आत सोडलं.

काळी माती ओली झाली की काय होते ते कापूसवाल्या घरातल्या लहान लेकरालाही ठाऊक असते. त्या दिवशी आम्हा एवढ्या जाणत्यांना आठवलं नाही. सगुणा रुतली. पाय ओढायला लागली तर चिखल वर चढला. कोणी तरी म्हणालं, "उकरून राह्यली वाटते, राहू द्या तिले." राहू दिलं. दुसऱ्या दिवशी माती वाळून कडक, तिला भेगा पडलेल्या, आणि मधोमध सगुणा, मान वर करून, रोवल्यासारखी!

हे म्हणाले, "पेरली तं खरी. आता उगवते का पाहू."

"अहो, हे बोलायची वेळ आहे का?" मी ओरडले, आणि दोघांनी मिळून खुरप्यानं तिला मोकळी केली. सासूबाई बाजेवरून बघत होत्या. "बाळंतीण हाये का सरकी हाये?" म्हणाल्या, आणि भिंतीकडं तोंड केलं.

मग मी सगुणेला कापडी पिशवीत घालून बसनं मुधोळला, ढोरांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर तेलुगू. पिशवी उघडून दचकला. "इदि एंटम्मा?" म्हणजे हे काय आहे बाई? बेल्लमपल्लीच्या तेलुगूत मी सगळं सांगितलं. त्यानं सगुणेला उलटं केलं, सुलटं केलं, पाठीवर टकटक केलं, नळी लावून ऐकलं.

"आत कोणी तरी आहे," म्हणाला.

"ते मलाही माहीत आहे. मोकळी कशी करायची?"

"मी बैलांचा डॉक्टर आहे अम्मा. इंजेक्शन आहे, पण हिला टोचू कुठं?" मग जरा हळू बोलला, "तिच्या मनासारखी जागा द्या. मिळाली नाही तर अंडी आतच अडतील. मग वाचत नाही."

येताना बसमध्ये खूप रडू आलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "काऊन रडून राह्यली व माय? पिशवीत काय हाये?" मी म्हणाले, "नणंद." ती उठून मागच्या सीटवर जाऊन बसली.

घरी सासूबाईंनी विचारलं, "डाकदर काय मने?"

"म्हणे, लेक ठणठणीत आहे."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "शिकली. बरं लबाड बोलाले शिकली तू," म्हणाल्या आणि माझ्या हातावर हात ठेवला. त्यानंतर त्या माझ्याशी नीट असं बोलल्याच नाहीत. श्वास लागला होता.

त्यांचा शेवटचा दिवस मला अजून लखलखीत आठवतो. दुपार. बाहेर कापूस वेचणीला चाललेल्या बाया दारात थांबून हळूच बघून जात होत्या. श्वास घशात आला तशी गोदूआत्या उठली. "भुईवर घ्या तिले! बाजेवर जीव जाऊ देऊ नका."

ह्यांनी आईला अलगद उचललं आणि फरशीवर घोंगडी टाकून निजवलं. गोदूआत्यानं हात लावून पाहिला.

"हे भुई नोय."

"मंग काय हाये?"

"दगड हाये! दगडावर जीव जात नाई. पाह्य, अडकला!"

खरंच अडकला होता. डोळे उघडे, छाती वरखाली, आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. जसा काही तो जीव मीच पायाखाली धरून ठेवला होता! ओट्यावर न्यावं, तर तिथं फरशी. सैपाकघरात फरशी. अंगणात न्यावं, तर गोदूआत्या म्हणे, "घरधनीण उंबऱ्याबाहेर मराची नाई." एवढ्यात सासूबाईंचे ओठ हलले. ह्यांनी कान लावला. आई काय म्हणाली म्हणून सगळे पुढं झुकलो.

"म्हणते, फरशी काढ."

हे गोठ्यातून सब्बल, म्हणजे पहार, घेऊन आले. आणि मी काय बोलले असेन? देवाशपथ सांगते, माझ्या तोंडून निघालं, "अहो, मधली नका काढू, कोपऱ्यातली काढा!" सासू मरते आहे आणि सून फरशी वाचवते आहे. बाया तोंडाला पदर लावून एकमेकींकडं बघायला लागल्या. पण रांजण बाजूला सरकवून त्याच्या मागच्या दोन फरशा काढल्या त्या अखंड निघाल्या, एवढं मी तेव्हाही पाहिलं.

खाली गवंड्यानं टाकलेला बारीक मुरूम आणि बासरहून आणलेली गोदावरीची वाळू. दोन फरशांच्या जागेत अख्खं माणूस मावेना. पाठ भुईवर, पाय फरशीवर. गोदूआत्यानं निकाल दिला, "जीव छातीत असते. पाय राहू द्या तसेच." सासूबाईंनी हाताचा पंजा त्या वाळूवर फिरवला. बोटं आत खुपसली. चिमूटभर वर घेऊन सोडली.

"नरम हाये," म्हणाल्या. आणि गेल्या.

मामाजी भिंतीला टेकून खाली बसले ते उठलेच नाहीत. गोदूआत्या म्हणाली, "पाह्य, भुई लागली न् सुटली. पाठीले नरम लागलं बिचारीले." आम्हालाही तसंच वाटलं.

मग सुतक. घरात पाहुणे, रडणं, चहाचे कप. त्या उघड्या जागेवर दिवा लावला, त्याच्या भोवती ज्वारीचं पीठ चाळून पसरलं. आमच्याकडं तशी रीत आहे. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी दिवा बाजूला ठेवून, ताजं पीठ पसरून वर टोपलं झाकायचं, सकाळी सगळ्यांसमोर उचलायचं. पिठावर ज्याचं पाऊल उमटलं असेल, त्याचा जन्म त्या माणसानं घेतला, असं समजायचं.

या गर्दीत सगुणा हरवली! शब्द दिलेला, आणि बाळंतीणच सापडेना. मी रडणाऱ्या बायांच्या रांगेतून हातापायांवर रांगत, कोणाच्या लुगड्याखाली, कोणाच्या मांडीमागं बघत फिरत होते. "सगुणे... सगुणे..." डोळ्याला पाणी तर होतंच. एक म्हातारी मला कवटाळून म्हणाली, "सून असावं तं असी! सासूपायी कशी लोळून राह्यली पाहा!" सगळ्या माझ्या गळ्यात पडून नव्यानं रडायला लागल्या. त्यांच्या खालून निघून शोधायला मला बराच वेळ लागला. जावई सापडला, पाहुण्यांच्या चपलांत. सगुणा नाहीच. मी मनाशी म्हटलं, गेली. सासूमागोमाग लेकही गेली आणि दोघींचं पाप माझ्या डोक्यावर.

दहाव्याची सकाळ. सगळा गोतावळा माजघरात. गोदूआत्यानं हात जोडले आणि टोपलं उचललं. (ते जागेवरून जरा सरकलेलं होतं, पण एवढ्या गर्दीत कोणाचा तरी पाय लागला असेल असं वाटलं.)

पिठावर पाऊल नव्हतं. दोन बाजूंना बारीक बारीक खाचांच्या सरळ दोन रेघा होत्या, आणि मधोमध एक गोल, गुळगुळीत, दाबून सपाट केलेली जागा.

सगळे वाकून बघायला लागले. मग एका पाहुण्यानं घसा साफ केला. "हे तं... चाकोरी दिसते. ट्रॅक्टरची."

"बाई मेली तं ट्रॅक्टर होते काय बाप्पा?"

"आजकाल काय सांगावं?"

"रथ हाये तो रथ!" गोदूआत्या कडाडली. "वैकुंठाचा. न् मंधात काय हाये, डोळे फुटले काय? जाता जाता लेकराइसाठी भाकर थापून गेली माय!"

त्या 'भाकरी'नं सगळ्यांचा बांध फुटला. हेही हमसून रडायला लागले आणि आईची भाकर म्हणून तिथं हात टेकायला गेले. बोट आत गेलं. रडणं थांबलं. त्यांनी हळूच माती बाजूला केली. पांढरं, गोल, लिंबाएवढं अंडं!

त्याच वेळी सरकवलेल्या रांजणाच्या मागून खरखर आवाज आला. सगुणा. पाठीवरच्या पिवळ्या चांदण्यांवर पीठच पीठ, पुरणाची पोळी लाटून उठलेल्या बाईसारखी! मुंडकं बाहेर काढून तिनं आम्हा सगळ्यांकडं एकदा पाहिलं आणि निवांत चालायला लागली. फरशीवर मागं खाचांच्या दोन पिठाच्या रेघा उमटत गेल्या.

तेव्हा मला कळलं, 'नरम हाये' कोणासाठी होतं. मरताना हात फिरवून पाहत होती बाई, पण स्वतःच्या पाठीसाठी नव्हे! मी मटकन खाली बसले आणि हसायला लागले. दहाव्याच्या दिवशी, गोतावळ्यासमोर, पोट धरून! थांबवता येईना, आणि हसता हसता रडू कधी आलं तेही कळेना. ज्या म्हातारीनं 'सून असावं तं असी' म्हटलं होतं, तिनं तोंड फिरवलं.

गोदूआत्या मात्र वेगळ्याच हिशोबात होती. "थांबा! थांबा सगळे! घरात बाळंतपण झालं. सोयर लागलं!"

"कासवाचं कुठं सोयर लागते आत्या?"

"लेक मानली होती का नाई वयनीनं? लेक मायेरी बाळंत झाली का मायेरले सोयर लागते. इकून सुतक, तिकून सोयर. आज शुद्ध कसे होता तुमी?"

पाहुण्यांचे चेहरे उतरले. वेचणीचे दिवस, प्रत्येकाचा कापूस वावरात उभा, आणि इथं कासवापायी मुक्काम वाढणार! सगळे मामाजींकडं बघायला लागले. मामाजी सावकाश उठले, त्या खड्ड्यापाशी आले, माती पहिल्यासारखी लोटली आणि तळहातानं दाबली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलले.

"लागू द्या सोयर. सुमन, गूळ-खोबरं काढ. तिनं वाटलं असतं."

दहाव्याला गूळ-खोबरं वाटणारं आमचं एकच घर असेल. लोकांनी घेतलं. काहींनी रडत खाल्लं.

त्या दोन फरशा परत बसवायच्या राहिल्या. आधी अंडी होती म्हणून, मग उन्हाळा सरता सरता पिलं निघाली म्हणून, मग पुढच्या दसऱ्याला परत सगुणेचे दिवस भरले म्हणून. नंतर कायदा कळला, तशी पिलं रानात सोडत गेलो. सगुणा-जावयालाही सोडून पाहिलं, पण जोडी दिवेलागणीला उंबऱ्याशी हजर! त्या फरशा अजून गोठ्याला टेकून उभ्या आहेत, अखंड. आणि घरभर फरशी असलेली मी, दर आठवड्याला बादलीत शेण कालवून, ओणवी होऊन तेवढा एक तुकडा सारवते. अंडी असली की तेवढं सोडून. सासूबाई जिंकल्या, आणि त्याही मेल्यावर!

परवा मुलगा म्हणाला, "आई, सगळीकडं मोझॅक टाकू. हा खड्डा किती दिवस ठेवतेस?"

म्हटलं, "टाक बाबा. तेवढी जागा सोड. माही वेळ आली का मले तिथंच घ्या, सब्बल शोधत बसू नका. पण आदी बोट घालून पाहा. आत आंडे असले तं मले राहू द्या बाजेवर. पयला नंबर नणंदेचा."